अवयव घरचे, विशेषणें पाहुणीं

आजचा विषय इंग्रजी भाषेच्या एका लहानशा कोपऱ्यांतला आहे. शरीराच्या अवयवांवरून इंग्रजींत विशेषणें कशीं होतात, आणि तीं होतांना अर्थ कोठल्या कोठें जातो, हें सांगण्याचा विचार आहे. विषय व्याकरणाचा दिसला तरी माझ्या घरांत तो रुग्णालयाच्या दारानें आला. म्हणून आरंभ तेथूनच करतों.

गेल्या पावसाळ्यांत माझ्या पत्नीची प्रकृति बिघडली. अंगांत कणकण, डोकें जड, अन्नावर वासना नाहीं, असें चाललें होतें. मुलानें तिला तपासणीसाठीं नेलें, आणि दुसऱ्या दिवशीं कचेरींतून जातां जातां अहवाल घेऊन त्यानें त्यांतील दोन ओळी मला टेलिफोनवरून वाचून दाखविल्या. त्यांत ‘रीनल’ असा एक शब्द आला. “बाबा, रीनल म्हणजे काय हो?” असें त्यानें विचारलें. जन्मभर मुलांना इंग्रजी शिकविलेला माणूस ‘ठाऊक नाहीं’ असें कसें म्हणणार? मला चटकन गेंड्याचें इंग्रजी नांव आठवलें. ‘ऱ्हिनॉसरस’ म्हणजे ज्याच्या नाकावर शिंग आहे तो. त्यांतील पहिला भाग म्हणजे ग्रीक भाषेंतील नाक. तेव्हां रीनल म्हणजे नाकासंबंधीं, असा निकाल मीं तेथल्या तेथें दिला. जुनी सर्दी मुरली असेल, डॉक्टरांची पुढची भेट सावकाश घेतली तरी चालेल, असेंहि वर सांगितलें. मुलाला माझा शब्द प्रमाण. आठ दिवस आम्ही तिला वाफारे दिले. नवव्या दिवशीं डॉक्टरांनीं तो कागद पाहिला आणि पहिलाच प्रश्न केला कीं, मूत्रपिंडाचा दोष इतका स्पष्ट लिहिलेला असतांना आपण थांबलांत कां?

ती आतां बरी आहे. मीठ बेतानें खाते. पण त्या आठ दिवसांचा हिशेब माझ्या नांवावर मांडलेला आहे.

घरीं आल्यावर कोश काढून बसलों. मूत्रपिंडाला इंग्रजींत ‘किडनी’ म्हणतात हें शाळेंतल्या पोरालाहि ठाऊक असतें. त्याचें विशेषण मात्र ‘रीनल’. नांव आणि विशेषण एकमेकांशेजारीं उभीं केलीं तर तीं एका कुळांतलीं आहेत असें कोणी म्हणणार नाहीं. आणि ही गोष्ट एका मूत्रपिंडापुरतीच नाहीं. डोळा म्हणजे ‘आय’, पण डोळ्याविषयींचें तें ‘ऑक्युलर’. दांत म्हणजे ‘टूथ’, दांतांचें तें ‘डेंटल’. हात ‘हँड’, हाताचें ‘मॅन्युअल’. मेंदू ‘ब्रेन’, मेंदूचें ‘सेरेब्रल’. फुप्फुस ‘लंग’, फुप्फुसाचें ‘पल्मनरी’. यकृत ‘लिव्हर’, यकृताचें ‘हेपॅटिक’. नाकाचें ‘नोज’ आणि ‘नेझल’ हें जोडपें तेवढें चेहऱ्यानें थोडें जुळतें. बाकी सारा मामला असा कीं, अवयव घरचे आणि विशेषणें पाहुणीं.

असें कां झालें, तें इंग्लंडच्या इतिहासांत पाहावें लागतें. डोकें, डोळा, कान, तोंड, हात, पाय, हृदय, हाड, रक्त यांची इंग्रजी नांवें तेथील जुन्या अँग्लो-सॅक्सन शेतकऱ्यांच्या तोंडचीं आहेत. ‘लेग’ आणि ‘स्किन’ हीं दोन उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांकडून मिळालीं. १०६६ सालीं नॉर्मंडीच्या विल्यमनें हेस्टिंग्जची लढाई जिंकली, आणि दरबाराची व न्यायालयाची भाषा फ्रेंच झाली. धर्माची व विद्येची लॅटिन होतीच. ‘फेस’ आणि ‘स्टमक’ असे कांहीं शब्द फ्रेंचांकडून आले खरे. पण स्वतःच्या हाताला आणि डोळ्याला काय म्हणावें हें कोणी राजाला विचारीत नाहीं, म्हणून ते जुने शब्द चुलीपाशीं जसेच्या तसे राहिले. इकडे वैद्य आणि पंडित ग्रंथ लिहीत ते लॅटिनमध्यें. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा विल्यम हार्वी हा अस्सल इंग्रज. पण त्याचा १६२८ सालचा ग्रंथ लॅटिन आहे. पुढें हीच विद्या इंग्रजींत उतरूं लागली तेव्हां नांवें घरचीं होतीं, पण ‘अमुक अवयवासंबंधीं’ असा शास्त्रीय अर्थ दाखविणारीं विशेषणें हाताशीं नव्हतीं. तीं लॅटिनमधून उचललीं, आणि लॅटिन अपुरी पडली तेथें ग्रीकमधून.

हा प्रकार आपल्याला परका नाहीं. आपल्या तोंडांत दांत असतात, पण ‘त’ आणि ‘द’ हे वर्ण दंत्य. ओंठांनीं उच्चारलेला ‘प’ ओष्ठ्य. परीक्षा तोंडी असते, आणि तीच जरा भारदस्त करावयाची झाली कीं मौखिक होते. नित्याच्या शब्दासाठीं मराठी आणि शास्त्राच्या शब्दासाठीं संस्कृत, ही आपलीच रीत इंग्रजांनीं लॅटिनशीं पाळली. भेद आहे तो नात्याचा. हात आणि हस्त, कान आणि कर्ण, हे नातू आणि आजोबा आहेत, चेहरा सांगतो. लॅटिन ही इंग्रजीची आजी नव्हे, लांबची मावशी आहे. म्हणून आपल्या मुलाला दंत्य हा शब्द समजावून सांगावा लागत नाहीं, आणि इंग्रज मुलाला ‘डेंटल’ पाठ करावा लागतो.

मात्र ही मावशी आपलीहि आहे, आणि येथें मराठी वाचकाला एक सोय आहे ती इंग्रज मुलाला नाहीं. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या भाषा एका मूळच्या असाव्यात, असें सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढें सांगितलें. जर्मन पंडित याकोब ग्रिम यानें १८२२ सालीं त्या कुळांतील वर्ण जर्मन-इंग्रजी शाखेंत कसकसे पालटले त्याचा नियम मांडला. ‘प’चा ‘फ’ होतो, ‘द’चा ‘ट’ होतो, ‘ग’चा ‘क’ होतो. आतां पाहा. संस्कृत पाद, लॅटिन ‘पेड’, इंग्रजी ‘फुट’. म्हणून पायाचें विशेषण ‘पेडल’. संस्कृत दंत, लॅटिन ‘डेंट’, इंग्रजी ‘टूथ’, म्हणून ‘डेंटल’. गुडघ्याला संस्कृतांत जानु, लॅटिनमध्यें ‘गेनु’, आणि इंग्रजींत ‘नी’. त्या ‘नी’च्या आरंभीं लिहिण्यापुरता जो मुका ‘के’ आपल्याला छळतो तो पूर्वीं उच्चारला जात असे आणि तोच या ‘ग’चा वारस आहे. नासा आणि ‘नेझल’ तर सांगावयासच नको. सगळ्यांत नवल ‘हेपॅटिक’चें. ग्रीक ‘हेपार’ म्हणजे यकृत, आणि भाषाशास्त्रज्ञ सांगतात कीं हा ‘हेपार’ आणि आपलें यकृत हीं एकाच मूळ शब्दाचीं लेकरें आहेत. ‘रीनल’ला मात्र अशी ओळखीची आते-मावशी कोठें सांपडली नाहीं. तो शब्द पाठच करावयाचा.

आतां एका अवयवाकडे जरा निवांत पाहूं, कारण आपल्या घरांतल्या पत्रव्यवहारांत सर्वांत अधिक घोटाळा त्याच्यापायीं होतो. तो म्हणजे हृदय. ‘हार्ट’ या शब्दाला तीन विशेषणें आहेत, तीं तीन भाषांतलीं. घरचें ‘हार्टी’, लॅटिनचें ‘कॉर्डिअल’, ग्रीकचें ‘कार्डिअक’. कोशांत तिन्हींपुढें हृदय हा शब्द सांपडतो, आणि येथेंच विद्यार्थी फसतो. माझ्या वर्गांतील एका मुलानें स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणाचा मसुदा करतांना हार्दिक स्वागताबद्दल ‘कार्डिअक वेलकम’ असें लिहिलें होतें. आम्ही हसलों, पण त्याचें काय चुकलें? त्यानें कोश उघडला होता. कोशानें अर्थ सांगितला, पण कोणता शब्द कोणत्या बैठकीत बसतो तें सांगितलें नाहीं. ‘कार्डिअक’ हा शब्द वैद्याच्या खोलींतून बाहेर पडत नाहीं. हृदयाची नाडी, हृदयाचा स्नायु, हृदयाचा झटका यांच्यापुरता तो आहे; प्रेमाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. ‘कॉर्डिअल’ हाहि एके काळीं औषधी शब्द होता. हृदयाला उत्तेजन देणाऱ्या पेयाला तें नांव असे, आणि लिंबाच्या सरबताच्या बाटलीवर तें अजून दिसतें. पुढें त्याचा अर्थ मनमोकळा, सलोख्याचा असा झाला. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यांत १९०४ सालीं जो समेट झाला तो फ्रेंच भाषेंतील याच विशेषणानें इतिहासांत ओळखला जातो. म्हणजे आपला हार्दिक हा शब्द जेथें बसतो तेथें बहुधा ‘कॉर्डिअल’ बसतो. आणि ‘हार्टी’? तो रांगडा आहे. खळखळून हसणें, भरपेट जेवण, पाठीवर थाप मारून केलेलें अभिनंदन, हें सारें ‘हार्टी’.

या रांगडेपणाचा विसर पडला म्हणजे काय होतें तें सांगतों. एका परिचितांच्या घरीं मृत्यु झाला. सांत्वनाचीं पत्रें आलीं, त्यांत इंग्रजींतलीं दोन-तीन होतीं, आणि त्यांपैकीं एकांत ‘हार्टी कंडोलन्सेस’ असे शब्द होते. लिहिणाराच्या मनांत हार्दिक हा मराठी शब्द होता हें उघड आहे. पण इंग्रजी कानाला ते शब्द शोकाचे नव्हे, मेजवानीचे वाटतात. तेथें ‘हार्टफेल्ट’ म्हणजे अंतःकरणास जाणवलेलें, हा शब्द पाहिजे होता. मराठींतहि आपण अभिनंदन हार्दिक करतों, श्रद्धांजलि भावपूर्ण वाहतों. मग इंग्रजींत लिहितांनाच तो विवेक कां सुटतो, न कळे.

हृदयासारखीच गंमत कान आणि तोंड यांची. कानाचें विशेषण ‘ऑरल’, तोंडाचें ‘ओरल’. मराठींत मीं हे दोन वेगळे लिहून दाखविले. इंग्रजी स्पेलिंगांतहि एकाचा आरंभ ‘ए-यू’ असा आणि दुसऱ्याचा ‘ओ’नें आहे. पण इंग्लंडांतील शिष्ट उच्चारांत दोन्ही एकसारखेच ऐकूं येतात. म्हणून तिकडचे कांहीं शिक्षक कानाच्या शब्दाचा मुद्दाम ‘आउरल’ असा उच्चार करतात. आमचें हें भाषण माझ्या बाजूनें ‘ओरल’ आणि आपल्या बाजूनें ‘ऑरल’ आहे. ध्वनिक्षेपकापुढें बसून हें सांगतांना मला त्याची थोडी धास्तीहि वाटते.

आतांपर्यंत पाहुण्यांविषयीं बोललों. घरचीं विशेषणेंहि आहेत, आणि तीं भलतीं खट्याळ आहेत. अवयवाच्या नांवापुढें नुसता ‘ई’काराचा शेपटा जोडला कीं तें तयार. ‘नोझी’ म्हणजे शेजाऱ्याच्या भानगडींत नाक खुपसणारा. ‘चीक’ म्हणजे गाल; ‘चीकी’ म्हणजे उद्धट, पण पुष्कळदां कौतुकानें म्हटलेला, आपल्या ‘आगाऊ’सारखा. ‘माउथी’ म्हणजे तोंडाळ. येथें मराठीनें आणि इंग्रजीनें एकाच खाणींतून दगड काढला आहे. ‘ब्रेनी’ म्हणजे तल्लख. ‘हँडी’ म्हणजे हाताशीं असणारें, वेळेला उपयोगी पडणारें. माणसाला लावलें तर हुन्नरी. ‘हेडी’ हें दारूला किंवा यशाला लावतात, कारण दोन्ही डोक्यांत चढतात. ‘नर्व्ही’ हा शब्द तर समुद्र ओलांडतांना पालटला. इंग्लंडांत तो घाबरटाला म्हणतात, अमेरिकेंत धिटाई करणाऱ्याला.

या दोन घराण्यांत एक अलिखित वांटणी झालेली दिसते. लॅटिन विशेषण अवयवाकडे पाहतें, घरगुती विशेषण माणसाकडे. ‘नेझल’ आवाज नाकांतून येतो, त्यांत बोलणाऱ्याचा दोष नाहीं. ‘नोझी’ शेजारी मात्र स्वभावानेंच तसा. ‘मॅन्युअल’ काम हातानें केलेलें, ‘हँडी’ माणूस हातानें कुशल. ‘ओरल’ परीक्षा निरुपद्रवी, ‘माउथी’ मुलगा डोकेदुखी. ही वांटणी अगदीं पक्की नाहीं. ‘सेरेब्रल’ हें बुद्धीनेंच जगणाऱ्या रुक्ष लेखकालाहि लावतात, आणि ‘बोनी’ हें घरचें असून नुसतें हाडकुळें असा शरीराचाच अर्थ देतें. पण शंका आली असतां शेकडा बहुतेक वेळां हा नियम तारून नेतो.

घरच्या विशेषणांत एक दुष्ट निघालें. रक्त म्हणजे ‘ब्लड’, आणि ‘ब्लडी’ म्हणजे रक्ताळलेलें. पण याच शब्दाची तिकडे शिवी झाली. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकांत नायिकेच्या तोंडीं तो शब्द घातला होता. १९१४ सालीं लंडनच्या रंगभूमीवर तो उच्चारला गेला तेव्हां मोठी खळबळ उडाली. याच नाटकाचें ‘ती फुलराणी’ हें रूपांतर पु. ल. देशपांडे यांनीं मराठींत केलें. आमचीं शाळकरी मुलें तो शब्द चित्रपट पाहून सहज वापरतात. रक्तासंबंधीं लिहावयाचें असेल तरी जपून लिहावें असें मी त्यांना सांगत आलों.

आणखी एक रीत म्हणजे दोन शब्द जोडून विशेषण करण्याची. निळ्या डोळ्यांचा, कठोर हृदयाचा, थंड रक्ताचा, असे शब्द इंग्रजींत हवे तितके करतां येतात. आपल्याकडे लंबोदर, चतुर्भुज, पद्माक्ष हे शब्द तसेच झाले. ज्याचें उदर लंब आहे तो. पाणिनीय परंपरेनें याला बहुव्रीहि समास म्हटलें, आणि पाश्चात्य भाषाशास्त्रज्ञांनीं आपल्या भाषांतील या रचनेला हेंच संस्कृत नांव जसेंच्या तसें घेतलें. ‘ब्लू-आइड’ हा इंग्रजी शब्द तिकडच्या व्याकरणांत बहुव्रीहि म्हणून शिकविला जातो, याचा आपल्या मुलांना अभिमान नसला तरी निदान पत्ता असावा.

या जोडशब्दांत हात हा अवयव सर्वांत कामसू. ‘ओपन-हँडेड’ म्हणजे सढळ हाताचा. हें आपल्याला लगेच पटतें. ‘एम्प्टी-हँडेड’ म्हणजे रिकाम्या हातानें, तेंहि सरळ. पण ‘हाय-हँडेड’ म्हणजे हात वर केलेला नव्हे, कोणाला न विचारतां मनमानी करणारा. ‘इव्हन-हँडेड’ म्हणजे निःपक्षपाती, ‘अंडरहँडेड’ म्हणजे आंतल्या गांठीचा, ‘हेवी-हँडेड’ म्हणजे जेथें नाजुकपणा पाहिजे तेथें दांडगाई करणारा. चोराचा हात चलाख असतो तें आपण म्हणतों. इंग्रज त्याच्या बोटांना हलकीं म्हणतो, ‘लाइट-फिंगर्ड’. चोर मुद्देमालासह सांपडला कीं मात्र तो ‘रेड-हँडेड’, म्हणजे रक्तानें हात माखलेला, मग चोरी पेन्सिलीची कां असेना. येथें एक सावधगिरी सांगून पुढें जातों. ‘हँडफुल’ आणि ‘माउथफुल’ हे शब्द ‘ब्यूटिफुल’सारखे दिसले तरी विशेषणें नव्हेत, ते मूठभर आणि घांसभर अशा मापाचीं नामें आहेत.

कांहीं विशेषणें मात्र अवयव सोडून इतकीं दूर गेलीं कीं त्यांचें गांव आतां ओळखूं येत नाहीं. आजच्या घरांत जो शब्द दिवसांतून दहा वेळां कानीं पडतो तो ‘डिजिटल’ घ्या. ‘डिजिटस’ म्हणजे लॅटिनमध्यें बोट. माणूस बोटांवर मोजतो, म्हणून शून्यापासून नऊपर्यंतच्या अंकांना ‘डिजिट’ म्हणूं लागले. अंकांवर चालणारें यंत्र तें ‘डिजिटल’. शरीरशास्त्रांत मात्र ‘डिजिटल’ रक्तवाहिनी म्हणजे अजून बोटाचीच रक्तवाहिनी. याच बोटाची आणखी एक शाखा आहे. युरोपांत एक घंटेच्या आकाराच्या फुलांचें झाड आहे, त्याला जर्मन लोक बोटाची टोपी, म्हणजे शिंप्याचें अंगुस्तान म्हणत. लिओनहार्ट फुक्स या वनस्पतिशास्त्रज्ञानें १५४२ सालीं त्या नांवाचें लॅटिन करून ‘डिजिटॅलिस’ असें नांव दिलें. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरनें अंगावर सूज येणाऱ्या रोग्यांना हें झाड देऊन पाहिलें आणि १७८५ सालीं आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्याच जातीच्या झाडापासून मिळणारें डिगॉक्सिन हें औषध आजहि हृदयाच्या कांहीं रोग्यांना देतात. म्हणजे नांव बोटाचें आणि उपयोग हृदयाला. आपलें अंगुस्तान फारसी बोटावरून आलें आणि तें आपल्या अंगुष्ठाचें नातलग आहे, हेंहि जातां जातां सांगतों.

‘कॅपिटल’ तसाच. ‘कापुट’ म्हणजे लॅटिन डोकें. डोकें जाण्याची शिक्षा ती ‘कॅपिटल’, वाक्याच्या माथ्यावरचें अक्षर तें ‘कॅपिटल’, राज्याचें मस्तक म्हणजे राजधानी ती ‘कॅपिटल’, आणि व्याजाचें डोकें म्हणजे मुद्दल तेंहि ‘कॅपिटल’. इंग्रज ज्याला डोकें म्हणतो त्याला आपण मूळ म्हणतों, पैसा एकच. ‘सुपरसिलिअस’ म्हणजे तुच्छतेनें पाहणारा. त्यांत लॅटिन भुवई आहे, एक भुवई वर चढविलेली. ‘हँडसम’ या शब्दांत हात आहे. पूर्वीं तो हाताळावयास सोपें अशा वस्तूला लावीत, पुढें तो सुयोग्य झाला आणि शेवटीं देखणा. ‘पेडेस्ट्रिअन’ म्हणजे पायीं चालणारा, आणि ज्या लेखनाला पंख नाहींत, जें पाय ओढीत चालतें, त्यालाहि तेंच विशेषण. माझ्या भाषणाला आपण कोणतें लावाल तें मी विचारीत नाहीं.

एक गट वैद्यकाच्या जुन्या मतांनीं मागें ठेवला आहे. ग्रीक वैद्य शरीरांत चार रस मानीत: रक्त, कफ, पिवळें पित्त आणि काळें पित्त. दुसऱ्या शतकांत रोमला राहणाऱ्या गॅलेननें हें मत इतकें घट्ट बसविलें कीं हजार वर्षांहून अधिक काळ युरोप त्यावर चालला. ज्यांत रक्त अधिक तो ‘सँग्विन’, म्हणून आशावादी. कफ अधिक तो ‘फ्लेग्मॅटिक’, म्हणून थंड. पित्ताचा तो ‘बिलिअस’, म्हणून चिडका. काळ्या पित्ताचा तो ‘मेलँकोलिक’, म्हणून खिन्न. प्लीहेवरून ‘स्प्लेनेटिक’ म्हणजे तिरसट असाहि एक आहे. वात, पित्त, कफ मानणाऱ्या आपल्या लोकांना यांत नवल वाटूं नये. आपलेंहि पित्त खवळतेंच. रस गेले, त्यांचें शास्त्र गेलें, विशेषणें तेवढीं राहिलीं, आणि त्यांनीं कोणाचें बिघडत नाहीं. एका शब्दाविषयीं मात्र माझें मत निराळें आहे. ‘हिस्टेरिकल’ हें विशेषण ग्रीक भाषेंतील गर्भाशयाच्या नांवावरून आलें. स्त्रीच्या मनाचा क्षोभ तिच्या गर्भाशयामुळें होतो ही त्यामागची समजूत. ती समजूत वैद्यकानें सोडून दिली. तरी रागावलेल्या स्त्रीला सभेंत किंवा घरांत गप्प बसविण्यासाठीं तो शब्द अजून फेकला जातो. मी तो माझ्या घरांतून हद्दपार केला आहे.

आतां थोडा वेळ उरला आहे तो औषधांच्या कपाटासाठीं. डॉक्टर तोंडानें ‘किडनी’च म्हणतात, ‘लिव्हर’च म्हणतात, ‘रीनल’ आणि ‘हेपॅटिक’ हे शब्द कागदावर असतात. कागद डॉक्टरांसाठीं असतो हें खरें, पण तो आधीं घरीं येतो. त्याहून अधिक वेळां घरीं येतात त्या थेंबांच्या लहान बाटल्या. त्या सर्व एका आकाराच्या. एकीवर ‘ओरल’ लिहिलेलें असतें. ते थेंब तोंडावाटे, बहुधा लहान मुलांना द्यावयाचे. दुसरीवर ‘नेझल’, ते नाकांत. तिसरीवर ‘ऑटिक’, हा ग्रीक शब्द कानाचा, लॅटिन ‘ऑरल’चा भाऊ. चौथीवर ‘ऑफ्थॅल्मिक’, हा ग्रीक शब्द डोळ्याचा. डोळ्याचाच दुसरा एक ग्रीक शब्द ‘ऑप्टिक’, त्याच्यावरून चष्मे विकणारा तो ‘ऑप्टिशिअन’. ‘ऑप्टिक’ आणि ‘ऑटिक’ यांत एका ‘प’काराचें अंतर आहे, आणि तेवढ्यानें औषध डोळ्यांतून कानांत जातें. कानाचे कांहीं थेंब डोळ्याला चांगलेच झोंबतात, आणि डोळ्याला अपायहि करूं शकतात. आमच्या घरीं या बाटल्यांवर पत्नीनें चिकटपट्टी लावून मराठींत डोळा, कान, नाक, तोंड असें लिहिलें आहे. त्या तपासणीच्या कागदावरहि ‘रीनल’खालीं तिनें पेन्सिलीनें मूत्रपिंड असें लिहून ठेवलें आहे. परवां नवा कागद आला, तो घेऊन मुलगा माझ्याकडे आला नाहीं, कोश घेऊन तिच्याजवळ जाऊन बसला.